टकटकणारा कीबोर्ड घ्यावा का?

माझा भाचा ओजस हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आठवड्यातले काही दिवस त्याला घरून काम करायची मुभा आहे. घरून म्हणजे माझ्या घरून, कारण त्याच्या खिडकीसमोर मोठं बांधकाम चालू आहे आणि विश्रांतवाडीत माझ्या खिडकीसमोरचं नुकतंच संपलंय.

मध्यंतरी त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, हा मेकॅनिकल कीबोर्ड घेऊ का?"

किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचली. तेवढीच होती.

"यात विशेष काय?"

"आवाज भारी येतो."

"आवाज लाटण्याचाही येतो. पोळ्या लाटतोस का?"

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "तू आयुष्यभर बटणं बडवलीस. तूच सांग त्याला काय ते." त्यानंतर बिल्डिंगमधल्या आणखी दोघांनी जिन्यात गाठून हाच प्रश्न विचारला. आजकाल मुलांना हे वेड आहे म्हणे. मला हो किंवा नाही म्हणता आलं नाही. हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा त्यावर एका मुलीचा हात आणि नोकरी दोन्ही टांगलेलं होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्तू समजून घ्या. आपल्या सगळ्यांकडे असतो तो साधा कीबोर्ड. त्याच्या बटणांखाली एकच रबरी चादर असते. बटण तळाला टेकेपर्यंत दाबलं की अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग आणि वेगळा स्विच. चांगल्या जुन्या कीबोर्डमध्ये बटण अर्ध्या वाटेत असतानाच टक् होतं आणि अक्षर उमटतं, तळापर्यंत जावंच लागत नाही. फरक एवढाच. रंगीत दिवे वगैरे हौसेचा भाग.

मी टायपिंग शिकवायचे. आळंदी रस्त्यावर एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचा क्लास होता. खाली गिरणी, वर टाइपरायटर. साधं "बस" म्हणायचं तरी ओरडून म्हणावं लागे. माझा आवाज अजून तसाच आहे, शेजारी कळवतात.

टाइपरायटरवर बोटाने दाबत नाहीत, मारतात. बटण मारलं की दांडा उडतो, फितीवर आपटतो, कागदावर अक्षर बसतं. हळू दाबलं तर अक्षर फिकट, दाबून धरलं तर दांडे एकमेकांत अडकतात. म्हणून मी मुलींना सांगायचे, "बटण म्हणजे तापलेला तवा. टेकलं की उचललं." करंगळीचा जोर अंगठ्याशेजारच्या बोटाएवढा हवा, यासाठी करंगळीची अक्षरं पानंच्या पानं काढायला लावायचे. मुली रडकुंडीला यायच्या. बटणं दिसू नयेत म्हणून हातांवर लाकडी झाकण, डोळे उताऱ्यावर. आणि वेळ संपण्याआधी उतारा संपला तर हातावर हात ठेवून बसायचं नाही, पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात. हा नियम मी सगळ्यांना सांगायचे, पण वापरायची वेळ फार थोड्यांवर यायची.

विद्यार्थी सगळ्या वयाचे. एक निवृत्त हेडमास्तर यायचे. प्रत्येक अक्षर मारून झालं की वाकून बघायचे, उमटलं का. मी म्हटलं, "सर, आवाज आला म्हणजे उमटलं." ते म्हणाले, "बाई, मी वर्गावर आयुष्य काढलं. आवाज आला म्हणजे कोणी काही केलंच असं नसतं." अर्थात ते परीक्षेला बसले नाहीत. बसले असते तर परीक्षकांचं काही खरं नव्हतं.

मग कॉम्प्युटर आले. क्लास रिकामा व्हायला लागला तसा मालकांनी, परांजपे साहेबांनी, शहाणपणा केला. टाइपरायटर भंगारात घातले आणि त्याच जागी डेटा एंट्रीचं सेंटर काढलं. परदेशातली जुनी पुस्तकं, यंत्रांच्या सुट्या भागांच्या याद्या, असलं काहीबाही यायचं. प्रत्येक पान दोन मुली वेगवेगळं टाइप करायच्या आणि कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघायचा. फरक निघेल तिथे मी मूळ पान बघून दुरुस्त करायचे. एक मुलगी गैरहजर राहिली तर तिच्या जोडीदारणीचं कामही अडायचं, त्यामुळे कोणी शिंकलं तरी मला काळजी वाटायची. मी सुपरवायझर. क्लासमधल्या सगळ्यात तयार मुली मी बरोबर घेतल्या. त्यांचा हात पक्का, नजर पानावरून हलत नाही. साहेब खूश.

पहिले कॉम्प्युटर जुनेच होते, एका बंद पडलेल्या ऑफिसातून लिलावात घेतलेले. त्यांचे कीबोर्ड इतके जड की टेबल पुसताना दोन्ही हातांनी उचलावे लागत. टक् टक् आवाज. मुलींना वाटलं, टाइपरायटरच आहे, फक्त कागद नाही. मग काम वाढलं आणि नवे कॉम्प्युटर आले, त्यांच्याबरोबर चपटे, हलके, मुके कीबोर्ड. जुने सगळे माळ्यावर गेले. खोली एकदम शांत झाली. साहेब म्हणाले, "आता कसं ऑफिस वाटतंय." मला मात्र ती शांतता बरी वाटली नाही. टाइपरायटरच्या दिवसांपासून मी पाठमोरी बसूनही सांगू शकायचे, कोण दमलंय, कोणाचं लक्ष नाही, कोण भांडून आलंय. आता सगळ्या सारख्याच. तोंडावरून ओळखायचं म्हणजे उठून समोर जावं लागे.

तशी एकदा उठून गेले तेव्हा लताकडे लक्ष गेलं.

लता मेश्राम माझी क्लासमधली सगळ्यात वेगवान विद्यार्थिनी. भंडाऱ्याकडची. मोठा भाऊ सुरेश इथे कारखान्यात लागला, त्याच्या मागोमाग ती आली. आईवडील गावी. भावाचं लग्न होऊन खोलीत तिसरं माणूस आलं होतं आणि चौथं यायचं होतं. लता सरकारी क्लार्क-टायपिस्टच्या परीक्षा देत होती. वयाची अट संपत आली होती. या वेळी ती लेखी परीक्षा पास झाली होती, फक्त टायपिंगची चाचणी बाकी होती. ही नोकरी लागली तर ती पुण्यात राहणार. नाही लागली तर गावी परत, आणि तिथे मामाने एक मुलगा बघून ठेवला होता. तो कसा आहे हे मी तिला एकदा विचारलं होतं. "चांगला असेल जी," ती म्हणाली, "मी त्याला पाहिलं नाही, त्यानं मला."

तर मी तिच्या मागे उभी होते आणि ती 'पी' हे अक्षर तिसऱ्या बोटाने मारत होती. 'पी' उजव्या करंगळीचं. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण कीर्तनकार अभंगाची ओळ विसरला तर मंडपातल्या म्हाताऱ्यांना जे होतं, ते मला झालं.

"लता, करंगळी रजेवर गेली का?"

तिने पटकन हात मांडीवर घेतला. "काही नाही मॅडम. मी करून राहिली ना."

"ते दिसतंय. हात दाखव."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढुरकं पडलं होतं. मी करंगळीला चिमटा काढला. तिने तोंड वाकडं केलं, पण उशिरा. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंड वाकडं केलं.

"कधीपासून?"

"नवीन मशीन आल्यापासून. पण सकाळी बरं असते."

चहाच्या वेळी मी सगळ्यांचे हात बघितले. तेव्हा जे कळलं त्याने मला धडकीच भरली. माझ्या क्लासच्या मुली, ज्यांना मी तापलेल्या तव्यावर वाढवलं होतं, त्यांचीच बोटं दुखत होती. बाकीच्या, कॉम्प्युटरवरच दोन-चार बोटांनी शिकून आलेल्या मुली, बिस्किटं खात मजेत बसल्या होत्या. टाइपरायटरवर बोट मारलं की दांडा उडतो आणि जोर पुढे निघून जातो. या रबरी कीबोर्डमध्ये जोर जायला जागाच नाही. बोट तळाला आपटतं आणि सगळा जोर मागे, मनगटात आणि कोपरात. शिवाय अक्षर उमटल्याची खूण बोटाला मिळत नाही, म्हणून पक्का टायपिस्ट आणखी जोरात मारतो. मी शिकवलं ते चूक नव्हतं. ज्या मशीनसाठी शिकवलं ते मशीन भंगारात गेलं होतं आणि हात राहिले होते.

मी परांजपे साहेबांकडे गेले. म्हटलं, पूर्वीसारखे स्प्रिंगचे कीबोर्ड निदान या मुलींना तरी घ्या. माळ्यावरचे या मशीनना बसत नाहीत, पण नवे मिळतात, चौकशी केली आहे.

"जगतापबाई, त्यातल्या एकाच्या पैशात हे चार येतात. तुम्हाला हिशेब सांगायला नको."

"आणि हात किती येतात?"

"हात ज्याचे त्याने घेऊन यायचे असतात," साहेब म्हणाले.

ते वाईट माणूस नव्हते. मोठ्या कामाची तारीख डोक्यावर होती, ते हुकलं तर परदेशातला माणूस दुसरीकडे जाणार होता आणि मग आमच्यापैकी कोणाचाच हात कशाला लागणार नव्हता. हे मलाही माहीत होतं. मी उठता उठता म्हटलं, "मागे चहा सांडला तेव्हा जुना कीबोर्ड धुऊन, वाळवून परत चालू झाला. हे चपटे एका कपात गेले."

"मग मुलींना चहा बाहेर प्यायला सांगा."

मी लताला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिचं कोपर दाबलं तशी लता कळवळली. "शीर दबते आहे," त्या म्हणाल्या. "टेबल उंच आहे, मनगट वाकडं राहतं आणि वर ही घण घातल्यासारखी टाइप करत असणार. काम बंद."

"किती दिवस?"

"बरं वाटेपर्यंत."

"हिची चाचणी आहे. कीबोर्ड बदलला तर?"

"कीबोर्ड चपलेसारखा. चांगली असली तर टाच कमी दुखते. पण लचकलेल्या पायाने पळायला सांगू नका."

बाहेर आल्यावर लता म्हणाली, "पळायचंच आहे ना मॅडम. दहाच मिनिटं."

त्या दिवसापासून मी तिचं काम स्वतः करायला बसले. म्हणजे तिच्या वाटणीची पानं मी टाइप करायची, तपासणीही माझीच. साहेबांना सांगितलं, लताला बारीक ताप आहे. त्यांनी माझ्याकडे बघून "कीबोर्डचा ताप का?" एवढंच विचारलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझंही मनगट ठणकायला लागलं. घरी पातेलं उचलताना डावा हात पुढे करायची सवय लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लता गेले कित्येक दिवस चहाचा पेला डाव्या हाताने घेत होती आणि मी ते बघितलं होतं.

पण चाचणीचं काय? हात विश्रांतीला ठेवला तर सराव जातो, सरावाला बसवला तर हात जातो. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. मग तिच्या प्रवेशपत्रावरची एक सूचना वाचली. उमेदवाराला हवं असेल तर स्वतःचा कीबोर्ड आणता येईल, जबाबदारी उमेदवाराची. टाइपरायटरच्या काळात तर उमेदवार आपापलं मशीन रिक्षात घालून परीक्षेला नेत. मांडीवर मशीन आणि मशीनवर गणपतीचा फोटो, असं दृश्य मी पुष्कळदा पाहिलंय. तीच पद्धत पुढे चालू राहिली होती.

मी माळ्यावर चढले आणि त्यातल्या त्यात बरा असा जुना जड कीबोर्ड खाली काढला. बटणं उपटून साबणाच्या पाण्यात टाकली. आतून केस, बिस्किटाचा चुरा आणि एक कानातल्याची फिरकी निघाली. बटणं परत बसवताना लताने डोळे मिटून बसवली, एकही चुकलं नाही. मग सेंटर सुटल्यावर तो माळ्यावरच्याच एका जुन्या कॉम्प्युटरला लावून ती टाइप करायला बसली आणि दुसऱ्याच ओळीला हसली. "बाप्पा! हा तर बोलते."

बरेच दिवसांनी करंगळी 'पी'वर गेली. जोर निम्म्याने कमी लागत होता, कारण टक् ऐकलं की बोट आपोआप परत येत होतं. आम्ही खुर्चीवर उशी ठेवून तिला उंच केलं. थोडा सराव, मग हात खाली सोडून स्वस्थ बसणं, असं ठरवलं. माझी तिला एकच ताकीद होती. "आपल्याला पास व्हायचंय, पहिलं यायचं नाही. पासापुरत्या वेगाने, सावकाश. बोटं बधिर झाली तर थांबायचं, हात खाली सोडायचा, मनात दहा आकडे म्हणायचे, मग पुढे."

"हो जी," ती म्हणाली. लता नेहमी हो म्हणायची.

पुढची काळजी प्लगची. जुन्या कीबोर्डचा प्लग जाडा गोल, नव्या कॉम्प्युटरला बारीक गोल लागतो. परीक्षेच्या जागी काय असेल कोणास ठाऊक. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन जोडणी, म्हणजे एका प्लगचा दुसरा करणारा अ‍ॅडॉप्टर, आणली. दुकानदार म्हणाला, "ताई, हे आता कोणी वापरत नाही." म्हटलं, "म्हणूनच तुमच्याकडे शिल्लक असेल." होती. दोन घेतल्या, एक बिघडली तर म्हणून. सेंटरवर येऊन दोन्ही लावून बघितल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी परत लावून बघितल्या.

चाचणी वाघोलीच्या बाजूला एका कॉलेजात होती. तेव्हा तिकडे शेतात मधेच एक इमारत असायची आणि तिलाच कॉलेज म्हणायचं. सुरेशने रजा टाकली होती. रिक्षात मध्ये लता, तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेला कीबोर्ड. नगर रस्त्यावर ट्रक अडकला होता आणि आमची रिक्षा जागची हलत नव्हती. सुरेश दर थोड्या वेळाने उतरून पुढे बघून यायचा आणि "होऊन राहिलं, होऊन राहिलं," म्हणत परत बसायचा. लता उजवा हात काखेत धरून गरम ठेवत होती. मी गप्प होते, कारण बोलले असते तर रिक्षावाल्यावर ओरडले असते.

पोचलो. हॉलच्या दारात एक तरुण प्राध्यापक उमेदवारांची नावं बघत होते. शाल सोडली तसं ते म्हणाले, "हे काय, हार्मोनियम?"

"कीबोर्ड आहे सर," लता म्हणाली. "स्वतःचा आणता येते, लिहिलेलं आहे."

"आमच्या मशीनला हा बसणार नाही."

लताने पर्समधून जोडणी काढली. "मशीन बंद करून लावावं लागते सर, मग चालू करायचं." त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी नमस्कार केला. टायपिंगच्या बाई कुठेही ओळखू येतात.

"आवाज करतो का हा?"

"थोडा," लता म्हणाली.

"मग तिकडे खिडकीशी, अगदी कडेला बसा. बाकीच्यांना त्रास नको."

व्हरांड्यात त्या खिडकीखाली आम्ही उभे राहिलो, मी आणि सुरेश. खालच्या काचा रंगवलेल्या होत्या, आत काही दिसत नव्हतं. मशीन चालू झालं का, प्लग बसला का, कळायला मार्ग नव्हता. आत कोणीतरी "सुरू करा" म्हणालं. आणि टक् टक् टक् आवाज आला.

"मॅडम, हा तिचाच आवाज का?" सुरेशने विचारलं.

"तिचाच."

"बाकीचे करून नाही राहिले का?"

"करतायत. त्यांचा ऐकू येत नाही."

सुरेशला ते फार आवडलं. साऱ्या हॉलमध्ये आपल्या बहिणीचाच आवाज. मी मात्र ऐकत होते. पहिल्या ओळी ठरल्याप्रमाणे सावकाश. मग वेग वाढला. आणखी वाढला. गिरणीच्या वर, क्लासमध्ये ती जशी मारायची तसा. मी खिडकीच्या दगडावर बोटाने ठोकून सांगत होते, सावकाश, सावकाश. आतल्या माणसाला दगडावरचं बोट थोडंच ऐकू येतं?

आणि आवाज थांबला.

आता ती हात खाली सोडून बसली असेल. मी मनात दहा आकडे म्हणायला सुरुवात केली. सुरेशने माझ्याकडे बघितलं. मी हाताने थांब म्हणून खूण केली. माझे दहा झाले. आत काही नाही. पंख्यांचा आवाज आणि कोणाचं तरी खोकणं. सगळे बाकीचे मुक्याने टाइप करत असतील आणि ती खिडकीशी बधिर हात घेऊन बसली असेल. तेवढ्या क्षणांत मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, साहेबांचं आठवलं, भंडाऱ्याचा न बघितलेला मुलगाही आठवला. सुरेश पुटपुटला, "काहून थांबली?"

मग पुन्हा टक् टक् टक्. त्याच वेगात, वेळ संपेपर्यंत.

बाहेर आली तेव्हा तिने उजवा हात डाव्या हातात धरला होता. कीबोर्ड आतच राहिला होता, तो सुरेश घेऊन आला.

"कितपत वाया गेलं?" मी विचारलं. "थांबलीस तेवढं सोडून पासापुरतं झालं का?"

"थांबली?" तिला आधी कळेना. "अच्छा, ते. उतारा संपला ना मॅडम. मग तुम्ही शिकवलं तसं, पान पलटवून पहिल्या ओळीपासून."

ज्या नियमाची मला स्वतःला खिडकीखाली आठवण झाली नाही, तो तिला आत आठवला होता. पास होण्यासाठी निम्म्या वेगाने जा म्हटलेल्या मुलीने अख्खा उतारा संपवला होता.

"तुला सावकाश सांगितलं होतं."

"मी सावकाशच सुरू केलं जी. पण तो आवाज ऐकला ना, आपला क्लासच वाटला. हात ऐकेचना."

समोरच्या टपरीवर चहा घेतला. तिला पेला उजव्या हातात धरवेना. डाव्याने ती उजवा धरून बसली होती. सुरेशने धरला आणि पाजला.

ती पास झाली. नोकरी लागली, भाड्याची खोली घेतली, पुढे लग्नही तिच्या मनाने केलं, पुण्यातल्याच एका माणसाशी, बघून, बोलून. पण हात बरा व्हायला पुष्कळ महिने गेले. त्या महिन्यांत ती डाव्या हाताने वेणी घालायला शिकली. करंगळी पूर्ण बरी झालीच नाही, थंडीत अजून जड होते. परांजपे साहेबांच्या सेंटरचं काम वेळेत गेलं. पुढच्या वर्षी परदेशातल्या माणसाने पानं आपोआप वाचणारं मशीन घेतलं आणि सेंटर बंद झालं. जाताना साहेबांनी विचारलं, "बाई, काही हवंय का?" मी तो जड कीबोर्ड मागून घेतला. ते म्हणाले, "घ्या. तुमचाच आहे तो, आम्हाला कुठे परवडत होता?"

काही वर्षांनी एका दाखल्यासाठी लताच्या ऑफिसात गेले. तिच्या टेबलावर शिक्के, फायली आणि कॉम्प्युटरवर कापडाचं झाकण, काठाला झालर लावलेलं.

"टाइप कोण करतं इथे?"

"कंत्राटी पोरगी आहे मॅडम, आतल्या खोलीत."

"आणि तुझा वेग?"

"वेग इथं कोणाला पायजे? मी पटकन पत्र दिलं तर साहेब म्हणतात, नीट वाचलं का?" ती हसली. मग मला आतल्या खोलीत घेऊन गेली. ती कंत्राटी मुलगी खाली मान घालून टाइप करत होती, तोच चपटा मुका कीबोर्ड. तिच्या पायाखाली लाकडी पाट होता, खुर्चीवर उशी. दोन्ही लताने घरून आणलेलं. लताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पान झालं ना? हात सोड खाली." मुलगी कंटाळून म्हणाली, "होऊ द्या ना मॅडम, दोनच ओळी आहेत." "नाही. सोड." त्या मुलीने हात सोडले आणि माझ्याकडे असं बघितलं की बघा, किती छळतात.

तर आता ओजसचा प्रश्न. पैसे वसूल होतात का? ज्याचं पोट बोटांवर आहे आणि ज्याचा हात मारायला शिकलेला आहे, त्याला होतात. आधी मात्र टेबल खाली घ्या, खुर्ची वर घ्या, मनगट सरळ ठेवा, ते फुकट आहे. आवाजासाठी घ्यायचा असेल तर घ्या, हौसेला मोल नसतं, पण मग हात दुखू नयेत म्हणून घेतला असं मला सांगू नका. मला त्यातला दोष माहीत आहे. रबरी कीबोर्डवर माणूस कंटाळून तरी उठतो. हा चांगला असतो, त्यामुळे उठवत नाही. लताकडे तो नसता तर ती चाचणी झाली नसती. तो होता म्हणून ती थांबली नाही. दोन्ही खरं आहे.

मी ओजसला म्हटलं, "विकत घेण्याआधी हा वापरून बघ," आणि माळ्यावरून तो शालीतला कीबोर्ड काढून दिला. जोडणीला जोडणी लावत त्याने तो आपल्या लॅपटॉपला बसवला. आजकाल ते कसं करतात मला कळत नाही, पण टक् टक् सुरू झालं.

"मावशी, हा तर जबरदस्त आहे! हा मीच ठेवू का?"

मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. बाहेर आवाज चालू होता. सावकाश, मग वेग, मग आणखी वेग. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान तिकडेच. मग आवाज थांबला. माझ्या हातातली सुरी थांबली. मी नकळत आकडे मोजू लागले, आणि मोजून झाल्यावरही काही ऐकू येईना तशी तशीच बाहेर गेले.

ओजस खुर्चीत मागे रेलून खिडकीबाहेर बघत होता. दोन्ही हात खाली सोडलेले.

"काय झालं? थांबलास का?"

"काही नाही गं, असंच."

"बरं केलंस," मी म्हटलं. "पोहे होईपर्यंत असाच बस."